अननसमधले रसिक

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

पुरुष असल्याच्या कारणावरून आज मला एका दारातून परत पाठवण्यात आलं. नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो, कारण उद्या ही गोष्ट मलाच खरी वाटणार नाही.

दोष आकांक्षाचा. आमच्या साप्ताहिकाची ही संपादक वयाने माझ्या अर्ध्यावर आहे, मला 'सर' म्हणते आणि माझे परिच्छेद कापते. 'दिवे लागल्यानंतर' अशी मालिका मी लिहावी, असं तिच्या मनात आलं. बार, गाणंबजावणं, तरुण मंडळी संध्याकाळी कुठे जातात वगैरे. मी म्हटलं, बाई, मी दादरच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलं, माझा या विषयाशी संबंध काय? तर म्हणाली, "सर, म्हणूनच तर. तुम्हाला काहीच माहीत नाहीये ना, मस्त होईल." अज्ञान हीच पात्रता ठरावी, असा हा काळ.

तर इस्त्रीचा सदरा घालून संध्याकाळी परळला गेलो. एका जुन्या गिरणीच्या आवारात 'अननस' नावाचं ठिकाण आहे. दारावर निऑनचा पिवळा अननस. दारात काळे कपडे घातलेला, छातीने दाराएवढा रुंद माणूस.

"एकटेच?"

"एकटाच."

"स्टॅग अलाऊड नाय, काका."

मी शांतपणे विचारलं की स्टॅग म्हणजे सांबर, इथे सांबर कोण? तो जरा ओशाळला. बोलता बोलता कळलं की नाव गंगाधर, राहणार काळाचौकी, मूळचा देवगडकडचा. "काका, एकट्या पुरुषाक आत सोडूचा नाय, असो हुकूम आसा. कपल होया. नायतर लेडीज. लेडीजांका कधीही."

"आणि मी आत जाऊन काय करीन असं तुमच्या मालकांना वाटतं?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी कायच करूचा नाय, काका. पण नियम तो नियम."

हे वाक्य अपमानात अधिक धरावं की वगळावं, याचा विचार टॅक्सीत गिरगावपर्यंत पुरला.


८ नोव्हेंबर

ताईला सांगितलं. मालनताई माझी थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त. तिने लग्न केलं नाही, मी केलेलं टिकलं नाही, म्हणून आम्ही दोघं वडिलांच्या दोन खोल्यांत राहतो. वाटलं होतं, ती माझ्या बाजूने चिडेल. ती मटार सोलता सोलता म्हणाली, "मग मी येते की. पुढच्या शुक्रवारी ना? माझी अबोली साडी इस्त्रीला टाक."


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गंगाधरने विचारलं, "कपल?"

ताई म्हणाली, "हो."

"ताई!"

"अरे मनू, दोन माणसं म्हणजे कपलच की. ह्याला काय रेशनकार्ड दाखवायचंय?"

गंगाधरने हसू दाबत दार उघडलं.

आतल्या अनुभवाबद्दल: अननस या ठिकाणी अननस मिळत नाही. खुर्च्या इतक्या उंच की पाय अधांतरी. मी सांभाळून बसलो, ताई पाय हलवत बसली. पदार्थांची यादी मागितली तर टेबलावरच्या एका चौकोनी ठशाकडे फोन धरा म्हणे. मिसळ आली ती प्रयोगशाळेतल्या चंबूत, तर्री शेजारी वेगळ्या नळीत. भिंतीवर फुटबॉलचा सामना, आवाज बंद. बाकी सर्वांचे आवाज चालू. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक त्याच्याच तोंडाला फासणं चाललं होतं. ताईने फोनवर बोट फिरवून कसलंसं लाल सरबत मागवलं, त्यावर कागदाची छत्री. चव आवडली असावी, कारण तेच पुन्हा मागवलं आणि मग तिला बराच वेळ सगळंच गमतीचं वाटत होतं. असो. ती फारशी बाहेर पडत नाही.

साडेसातला कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर दोघे आले. एक लाकडी खोक्यावर बसला आणि बसल्या बसल्या तेच खोकं वाजवू लागला. दुसरा गिटार घेऊन गाऊ लागला.

अरे लिफ्टदादा, जरा ऐक माझे
नको नेउ खाली, नको ने वरी तू
जरा बाजुला ने, तिथे काकि राहे

भुजंगप्रयात! चंबूतल्या मिसळीवर, निऑनच्या अननसाखाली, शुद्ध, एक मात्रा न चुकलेला भुजंगप्रयात! मी खुर्चीवरून उतरलोच. आणि मग चेहरा पाहिला. धम्मपाल. वरळीच्या बीडीडी चाळीतून यायचा, शेवटच्या बाकावर बसून गण बोटांनी बाकावर वाजवायचा. इतर मुलं वृत्तं पाठ करायची, याच्या बोटांना ती येत. यंदाच त्यांना नव्या टॉवरात घर मिळालं, तेविसाव्या मजल्यावर. चाळीच्या गॅलरीत शेजारी राहणारी काकी आता दुसऱ्या इमारतीत गेली. हे सगळं गाण्यात आहे.

आणि कोणीही ऐकत नव्हतं! एकही माणूस! कडव्याच्या ऐन मध्यावर केकवाल्यांनी 'हॅपी बर्थडे' सुरू केलं आणि खोकंवाल्याने चक्क त्यांना ठेका दिला!

गाणं संपल्यावर धम्मपाल धावत आला, वाकला. "सर? तुम्ही? इथं?" मग ताईला, "आत्या, ते लाल जरा बेतानं हां." ताई म्हणाली, "बाळा, मी बेतातच आहे."

इथला व्यवस्थापक हितेंद्र, केसांना चकचकीत तेल, हातात सतत फोन. त्याच्याशीही बोललो. तो म्हणाला, "साडेसात ते नऊ आमचा डेड टाइम आहे, सर. पब्लिक नऊनंतर येते. धमूला ट्रायल दिलाय. डिसेंबरमध्ये मालक स्वतः येऊन बघणार. टेबलं भरलेली दिसली तर शुक्रवार याचा पक्का. नायतर कॅरिओके."

धम्मपाल मला दारापर्यंत सोडायला आला. "बाकी दिवस मी लोकांची गाणी गातो, सर. लग्नात, हॉटेलच्या लॉबीत. माझी स्वतःची फक्त इथं. हा एक शुक्रवार टिकला पाहिजे."

टिकेल. मी आहे ना.


१६ नोव्हेंबर

आकांक्षाला लेख पाठवला. संयम राखून लिहिलाय. ग्राहकांचा उल्लेख 'कोलाहलप्रिय द्विपाद' एवढाच केला आहे.

आज रविवारची आमच्या सुश्राव्य मंडळाची बैठक. खोताच्या वाडीजवळच्या खोलीत आम्ही महिन्यातून दोनदा गाणं ऐकतो. इतक्या शांतपणे ऐकतो की एकदा गायकाने मध्येच थांबून कुणी आहे ना, असं विचारलं होतं. मी उभा राहिलो आणि प्रकरण मांडलं. प्रतिभावान मुलगा, बहिरी सभा, रिकामी टेबलं. टेबलं भरणं ही काय अवघड गोष्ट आहे? आपण आहोत की!

चिटणीस जयवंतराव म्हणाले, "बैठक भारतीय आहे का?" मी म्हटलं, उंच खुर्च्या आहेत. त्यांनी गुडघ्यांचा विचार केला आणि ते तयार झाले.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते चपला काढताच लिहायला बसलोय. आनंदाने.

मंडळातले निवडक जण आले. दारात थोडा प्रसंग उद्भवला, कारण आम्ही बहुतेक विधुर, आणि नियम कपलचा. शेवटी गंगाधरने स्वतःच जोड्या लावल्या. जयवंतराव आणि जाईबाई, अशी एकेक. जाईबाई आमच्या शेजारच्या, सत्तरीच्या. त्या म्हणाल्या, "अगो बाई, ह्या वयात!" आणि पदर खोचून आत शिरल्या. आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो होतो, त्यामुळे समोरची सर्व टेबलं मिळाली. मागून येणाऱ्यांसाठी खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवले.

पहिलं गाणं सुरू झालं आणि शांतता! समोरच्या भागात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मागे एक कंपू खिदळत होता, जयवंतराव फक्त वळले आणि ओठांवर बोट ठेवलं. झालं. थोड्या वेळाने तो कंपू उठून गेलाच. जाताना एक मुलगी म्हणाली, "लायब्ररी आहे का ही?" मला तो गौरव वाटला.

वाढणारी मुलं भिंतीला टेकून, हाताची घडी घालून ऐकत होती. त्यांनाही काही काम उरलं नव्हतं. कलेचा परिणाम.

ताईने पुन्हा ते सरबत घेतलं. जाईबाईंनाही दिलं.


२४ नोव्हेंबर

लेख छापून आला. आकांक्षाने मथळा दिलाय 'गप्प बसा, गाणं चालू आहे'. तिने 'कोलाहलप्रिय द्विपाद' ठेवलं आणि माझा वृत्तशास्त्रावरचा परिच्छेद कापला! या पेशात न्याय नाही. शेवटी मी आवाहन केलं होतं, 'खऱ्या रसिकांनी शुक्रवारी अननसला यावं.' ते मात्र चौकटीत, ठळक.

आकांक्षाचा फोन: "सर, ऑनलाइन खूप शेअर होतोय. पण त्या बारवाल्यांना द्विपाद आवडेल का?" मी म्हटलं, बारवाल्यांना नाही म्हटलंय, गिऱ्हाइकांना म्हटलंय. ती म्हणाली, "हो, तेच."


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अपूर्व! अख्खं मंडळ आलं, शिवाय लेख वाचून दादरहून दोन निवृत्त मुख्याध्यापिका आणि लालबागहून एक गृहस्थ आपली उशी घेऊन. एकही टेबल रिकामं नाही! हितेंद्रने आणखी काय मागायचं?

आता तपशील, कारण काही क्षुद्र गोष्टींनी रसभंग होता होता वाचला.

एक. दारू ढवळणारा पोरगा गाणं चालू असताना डबा खडखडवत होता. जयवंतराव समजुतीने त्याच्याकडे गेले आणि 'निदान समेवर तरी थांबवा' असं म्हणाले. सम म्हणजे काय तेही सांगितलं. मुलगा समजूतदार. नंतर त्याने डबा हलवलाच नाही.

दोन. गार हवेचं यंत्र. मुख्याध्यापिकांनी बंद करून घेतलं.

तीन. खाणंपिणं. आम्ही काही खायला आलो नव्हतो. पाणी आणि मसाला पापड, चौघांत एक. जयवंतरावांनी थर्मासमधला आल्याचा चहा आणला होता, तो त्यांनी मोठ्या मनाने वाढणाऱ्या मुलांनाही देऊ केला. फक्त ताई आणि जाईबाईंनी भरपूर मागवलं. मी ताईला नजरेने दटावलं तर म्हणाली, "आपल्या रांगेत कोणी तरी मागवायला नको का?" हा कसला युक्तिवाद?

चार. आठच्या सुमाराला ऑफिसातून सुटलेली दहाबारा तरुण मंडळी दारात आली. आत डोकावली. पाहून परत गेली. गंगाधर दोनदा आत येऊन हितेंद्रच्या कानात काही सांगून गेला.

धम्मपाल असा गायला! गाणं संपलं की आम्ही टाळ्या नाही वाजवत, आम्ही मान हलवतो. तो प्रत्येक गाण्यानंतर आमच्याकडे पाहत थांबायचा. शेवटी जयवंतरावांनी भैरवीची फर्माईश केली. भैरवीशिवाय उठायचं कसं? तो म्हणाला, "काका, गिटारवर नाय जमणार." जयवंतराव म्हणाले, "प्रयत्न करावा माणसाने. सुरेल आहात, पण खर्जावर मेहनत हवी." त्यांनी त्याला इतकं मोलाचं काही सांगितलं याचा मला शिक्षक म्हणून अभिमान वाटला.

हितेंद्र पूर्ण वेळ खांबाला टेकून उभा होता. हातातल्या फोनकडेही पाहत नव्हता. भारावून गेला बिचारा.


३० नोव्हेंबर

धम्मपालला अभिनंदनाचा फोन केला, उचलला नाही. ताई म्हणाली, "मनू, परवा त्या पोराचा चेहरा बघितलास का?"

"एकाग्र होता."

"घामाघूम होता."

"गार हवा बंद होती ना."

ताई उठून भांडी विसळू लागली. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा जोडल्यामुळे तिला बोलता बोलता मध्येच तार काढून घेण्याची सवय आहे.


६ डिसेंबर, शनिवार

काल गाणं नव्हतं. महापरिनिर्वाण दिनासाठी बाहेरगावाहून लोक येतात, आणि धम्मपालचं कुटुंब दर वर्षी शिवाजी पार्कला जेवण वाढायला असतं. त्याने हितेंद्रला आधीच सांगून ठेवलं होतं. ताई आज सकाळी तिकडे गेली, दुपारपर्यंत पोळ्यांच्या चवडी सावरत त्याच्या आईबरोबर उभी होती. मला न्यायला तयार नव्हती. म्हणे, "तू तिथे कुणाला तरी व्याख्यान देशील."

दुपारी परत आली. विचारल्यावर एवढंच, "प्रितीबाई छान आहेत. पोराच्या काळजीत आहेत. या शुक्रवारी मालक येणार आहेत म्हणे, बघायला."

मग काळजी कसली? आम्ही सगळे जाणारच आहोत. या खेपेस वरळीचे दोन कीर्तनकारही येणार.


९ डिसेंबर, मंगळवार

हे लिहावं की नाही, विचार करतोय. लिहितो.

संध्याकाळी धम्मपाल घरी आला. चपला बाहेर काढून उभा. ताईने कांदेपोहे ठेवले, तो बशी हातात घेऊन बसला आणि खाईना.

"सर, एक बोलायचं होतं. रागवू नका."

"बोल की."

"या शुक्रवारी... तुम्ही येऊ नका. म्हणजे तुम्ही आणि तुमचं मंडळ."

मला वाटलं कार्यक्रम रद्द. तसं नव्हतं. तो सांगत होता आणि मला अर्थ लागत नव्हता. अठ्ठावीस तारखेला टेबलं भरलेली होती आणि गल्ला अननस उघडल्यापासूनचा सर्वांत कमी होता म्हणे. नेहमीची माणसं दारातून परत गेली. वर माझा लेख कुणी तरी मालकांना इंग्रजीत वाचून दाखवला. हितेंद्र म्हणाला, मालक आले त्या दिवशी ही सभा दिसली तर जानेवारीपासून कॅरिओके.

मी उभा राहिलो. खरोखर उभा राहिलो. "म्हणजे ऐकणाऱ्याने ऐकू नये? ही काय रीत झाली? तिथे एक माणूस तुझ्या गाण्याकडे ढुंकून पाहत नव्हता! आम्ही आलो, आम्ही शब्दन् शब्द—"

"हो सर. तुम्ही शब्दन् शब्द ऐकता. पण परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. खोक्यावरचा मन्या तर म्हणाला, 'धमू, आपण गातोय की पेपर तपासून घेतोय?'"

ताई स्वयंपाकघरात हसली. मी ते ऐकलं.

"मग आमच्या मंडळात ये," मी म्हटलं. "मी सोय करतो. खरे श्रोते. शांतता. त्या मद्यप्यांपुढे कशाला गातोस?"

त्याने बशी खाली ठेवली. "सर, तिथं मी वर्षातून एकदा बोलावलेला पाहुणा. इथं माझा शुक्रवार आहे."

"पण ते ऐकत नाहीत रे!"

"नाही ऐकत. पण परत येतात. तिसऱ्या चौथ्या खेपेला मुतारीत कोणी तरी माझीच ओळ गुणगुणत असतो, त्याला माहीत पण नसतं कुठून आली. मला ते आवडतं, सर. माझं गाणं त्याच्या घरी गेलं, ना तिकीट, ना आमंत्रण."

मुतारी हा शब्द माझ्या घरात कवितेच्या संदर्भात प्रथमच उच्चारला गेला.

मी विचारलं, "मीही येऊ नको?" त्याने खाली पाहिलं. "तुम्ही गप्प बसून ऐकता ना सर, तेव्हा मी फक्त तुमच्यासाठीच गायला लागतो. वृत्त चुकलं तर काय, असं होतं. बाकीचा हॉल विसरतो. आणि मला तर हॉल जिंकायचाय."

जाताना वाकला. मी आशीर्वाद दिला, तो रीतीप्रमाणे. पोहे तसेच राहिले.


१० डिसेंबर

दिवसभर संतापलेला आहे. कुणावर, ते ठरत नाही. हितेंद्रवर? मालकावर? त्या अज्ञात मुतारीतल्या माणसावर? ज्या शहरात बडबड करणारा चालतो, ऐकणारा चालत नाही, त्या शहराला काय म्हणावं? आणि शिष्याने येऊन गुरूला सांगावं, की तुमच्या लक्ष देण्यामुळे माझं नुकसान होतं! मी याच्यावर लेख लिहिणार होतो. अर्धा लिहिला. ताईने मागून वाचला.

"छाप," ती म्हणाली. "म्हणजे शुक्रवारी बघायला पण कोणी उरणार नाही, गायला पण कोणी उरणार नाही."

"ताई, तुझ्या लक्षात येत नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुझं, शुक्रवार त्याचा."

लेख पाठवलेला नाही. पुसलेलाही नाही.


११ डिसेंबर, गुरुवार

सुश्राव्य मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश: 'अपरिहार्य कारणास्तव उद्याचा कार्यक्रम रद्द.'

मी खोटं बोललो. शाळेत खोट्या सहीच्या चिठ्ठ्या मी वासावरून ओळखत असे. जयवंतरावांचा लगेच फोन, "काय अपरिहार्य?" म्हटलं, गायकाचा घसा. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं, खर्जाची मेहनत नाही." आणि ज्येष्ठमधाची काडी पाठवून दिली, ती आता माझ्याकडे आहे.

वरळीचे कीर्तनकार नाराज झाले.


१२ डिसेंबर, शुक्रवार

ताई सहा वाजल्यापासून आरशासमोर. जाईबाई जिन्यातूनच हाका मारतायत, "मालन, चल गो, टॅक्सी उभी आहे!"

मी म्हटलं, तुम्हीही जाऊ नये. श्रोते नकोत त्याला.

"आम्ही कुठे श्रोते? आम्ही लेडीज," ताई म्हणाली. "आम्हाला कधीही."

आता मी घरी. कुकर लावला, तीन शिट्ट्या ऐकल्या, इतर काही ऐकायला नाही. लेखाचा मसुदा उघडला, बंद केला. साडेसात वाजले. आता ते दोघे चौथऱ्यावर येत असतील. मालक कुठे बसेल? पुढे बसला तर धम्मपाल जरा जोर लावेल, मागे बसला तर... मला काय करायचंय!

नऊ वाजून गेल्यावर ताई आली. बडीशेपेचा वास, मूठभर खाल्लेली दिसते. गाल लाल. दारातच चपला काढता काढता म्हणाली, "पक्कं झालं. दर शुक्रवार. मालकाने जागेवरच सांगितलं."

मी खुर्चीत बसलो.

"लोक होते?"

"भरलेलं. उभं राहायला जागा नाही. त्या दिवशीची ऑफिसातली पोरं परत आली, आणखी बरोबर घेऊन."

"ऐकत होते?"

ताईने पाणी पिऊन घेतलं. "छे. एका टेबलावर भांडण, एका टेबलावर वाढदिवस. एक पोरगी फोनवर कुणाशी तरी रडत होती, तिला जाईबाईंनी जवळ घेऊन आमच्यातले शेंगदाणे दिले. मालक तर पाठ करूनच बसला होता, हिशेब बघत."

"आणि धम्मपाल?"

"गात होता."

"कसा?"

"मनू, मला नाही तुझ्यासारखं सांगता येत." मग केसातल्या पिना काढत, "पाय हलत होते त्याचे. मागच्या वेळी नव्हते हलत."

मी म्हटलं, हा निव्वळ अधर्म आहे. टेबलं भरणाऱ्यांनी काही ऐकलं नाही, ऐकणाऱ्यांना आत घेतलं नाही, आणि निकाल लावणाऱ्याची पाठ! याला कलेचा विजय म्हणायचं? ताई म्हणाली, "काही म्हणू नकोस. भात वाढ."


१३ डिसेंबर, शनिवार

ताईने काल थोडं रेकॉर्ड केलं होतं म्हणे, फोनवर, माझ्यासाठी. सकाळी माझ्या उशाशी फोन ठेवून ती भाजीला गेली.

अत्यंत निकृष्ट ध्वनिमुद्रण. फोन बहुधा पर्समध्ये होता. आधी नुसती खरखर. मग ग्लास. मग कुणी तरी 'भैया, टिश्यू' ओरडतंय. दारू ढवळण्याचा डबा, बेताल. खोक्याचा ठेका येतो, पण त्याच्यावर जाईबाईंचा आवाज, सुनेबद्दल, सविस्तर. आणि या सर्व गोंगाटात सर्वांत मोठा, सर्वांत बेशिस्त आवाज कुणाचा, तर माझ्या सख्ख्या बहिणीचा! खळखळून हसतेय. कशावर, ते कळत नाही. ताईला इतकं हसताना मी कधी ऐकलं होतं, आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

मध्ये एकदा तिला ठसका लागतो. ती थांबते, तेवढ्यात मागून त्याचा आवाज येतो. नवं गाणं असावं, मी न ऐकलेलं. अर्धी ओळ. वृत्त कुठलं ते लागत नाही, कदाचित वृत्त नसेलच. मग पुन्हा तिचं हसणं, पुन्हा सगळं बुडालं.

मी खिडकी लावून घेतली, कान अगदी फोनला लावला, परत परत मागे नेऊन ऐकलं. एक शब्द धड कळेल तर शपथ. ताई भाजी घेऊन आली तर मी तिच्यावरच चिडलो की एवढं हसायचं होतं तर रेकॉर्ड कशाला केलं. ती म्हणाली, "मग पुसून टाक."

पुसणार नाही. दुपारी सगळं सामसूम झालं की हेडफोन लावून पुन्हा ऐकणार आहे.